गरम पाण्याचे ते दहा सेकंद बंद करू नका : ठाणे-नवी मुंबईत कच्चा मासा वाढणाऱ्यांना खुलं पत्र

ठाणे आणि नवी मुंबईत सुशी, साशिमी, पोके बोल असा कच्चा मासा वाढणाऱ्या सगळ्या हॉटेल, कॅफे आणि क्लाउड किचनच्या मालकांना आणि शेफ मंडळींना,

नमस्कार.

मी तुमच्याच लाईनमधला माणूस आहे. आठ वर्षं किचनमध्ये काढली, त्यातली पाच फिश सेक्शनला. आणि माझी आई नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात बसते, तिच्या आधी आजी बसायची, ती तर पाटी डोक्यावर घेऊन दारोदार पण फिरलीय. म्हणजे मासा टोपलीतून निघतो तिथपासून तो काळ्या प्लेटवर आल्याच्या गुलाबी कापांशेजारी जाऊन बसतो तिथपर्यंतचा सगळा रस्ता मला माहितीय, दोन्ही टोकांना माझ्या घरचे हात लागलेत. म्हणून बोलतोय. आणि हे तुमच्या मेलवर न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय कारण खाणाऱ्यांनी पण वाचायला पाहिजे.

मार्चपर्यंत मी ज्या किचनला होतो तिथे आमच्या जुन्या शेफनी एक पद्धत लावून दिली होती. कच्चा द्यायचा मासा कापायच्या आधी त्याची सोललेली लांब पट्टी खळखळ उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. एवढंच. एका सोमवारी मिटिंग झाली, मॅनेजरने मोबाईलवर रिव्ह्यू दाखवला, कोणीतरी फोटो टाकलेला, गुलाबी तुकड्याच्या कडेला बारीक पांढरी रेघ, खाली लिहिलेलं की हे रॉ नाहीये, हाफ कुक्ड आहे, एक स्टार. तेवढ्यावर ठरलं, उद्यापासून गरम पाणी बंद. मी बोललो सर ती कड तासून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे, तर उत्तर आलं की एवढ्या महागाच्या माशाचं वेस्टेज परवडत नाही. पंधरा दिवसांनी मी नोकरी सोडली. मग ओळखीच्या पोरांना फोन केले, वाशी, सीवूड्स, खारघर, तिकडे घोडबंदर रोड, तर कळलं की बऱ्याच ठिकाणी ही पायरी कधी नव्हतीच, आणि जिथे होती तिथेही फोटोत कड दिसते म्हणून काढून टाकतायत.

तेव्हाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. वाटलं आपण एक साधा फिशवाला, आपलं कोण ऐकणार.

मग मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं झालं. तिला पाचवा महिना चालू होता. नवऱ्याच्या वाढदिवसाला दोघांनी ॲपवरून सुशीचा प्लॅटर मागवला, मी काम करायचो तिथून नाही, दुसरीकडून. मला विचारलं असतं तर मी नको बोललो असतो, पण तिने मेनू वाचला आणि मेनूवर कुठेच एक ओळ नव्हती की गरोदर बाईने हे खाऊ नये. रात्री नऊला खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात मुरडा सुरू झाला, मग पाण्यासारखे जुलाब, उलट्या, ताप. नवऱ्याला पण झालं पण त्याचं एका दिवसात निभावलं, तिला तीन दिवस सलाईन लावावं लागलं. मी कॉटच्या बाजूला स्टुलावर बसलेलो, ती एका हाताला सुई आणि दुसरा हात पोटावर अशी कुशीवर झोपलेली, आणि दर थोड्या वेळाने डोळे उघडून विचारायची, दादा, बाळ आत्ता हललं ना? मला बाहेरून काय कळणार. मी हो बोलायचो.

डॉक्टरांनी लिस्टेरियाचं नाव काढलं. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजमध्ये चार अंशालासुद्धा हळूहळू वाढत राहतो, आणि गरोदर बाईला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दहा पट जास्त असते, आईला नुसता तापासारखा वाटतो आणि पोटातलं मूल जाऊ शकतं. आणि त्याची लक्षणं कधी कधी खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिसतात. म्हणजे घरी सोडल्यावर पण सुटका नाही. बहिणीने कॅलेंडरवर आठवडे खोडायला सुरुवात केली, रोज संध्याकाळी ताप मोजायची आणि आकडा पेन्सिलने लिहून ठेवायची. रिपोर्टमध्ये लिस्टेरिया निघाला नाही, बाळ सुखरूप आहे, देवाची कृपा. पण त्या दिवशी नेमकं कशाने झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही कारण अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं होतं आणि त्या प्लॅटरचा एक तुकडाही कोणाकडे तपासायला शिल्लक नव्हता. त्यामुळे मी इथे कोणाचं नाव घेत नाही आणि घेणार पण नाही. सिद्ध करता येत नाही ते मी बोलणार नाही.

पण फोनवर जे ऐकलं ते सांगणार. मी त्या किचनला फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोलला, सर आम्ही मासा रोज फ्रेश दिवाळ्याच्या मार्केटमधून घेतो, काही प्रॉब्लेम असेल तर तो मासळीवालीकडचा असेल.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती सुरमई तोडत होती. कोयता तसाच हातात राहिला तिच्या. बोलली, "आमी म्हावरा कालवनाला इकतो रं. कच्चा खायाला कोनी सांगला त्यांना?"

मला जे सांगायचंय ते सगळं तिच्या या दोन वाक्यात आहे, बाकी मी फक्त तुमच्या भाषेत उलगडून सांगतोय.

आपल्याकडे मासा कसा येतो बघा. बोट आठ आठ दहा दहा दिवस समुद्रात असते, मासा बर्फावर. मग भाऊचा धक्का नाहीतर ससून डॉक, तिथे उतरतो, लिलाव होतो, क्रेट ओल्या जमिनीवरून ओढत नेतात, मग टेम्पो, मग बाजारातला ओटा, पाटी, कोयता, लाकडी ओंडका, पाणी मारायचं ते टमरेल. किती हात लागतात, किती वेळ बर्फ वितळलेला असतो, हे कोळणीला माहिती आहे, गिऱ्हाईकाला पण माहिती आहे, आणि तरी शेकडो वर्षं हे चालतंय कारण शेवटी चूल आहे. कालवणाला उकळी फुटते, तुकडी तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होते. माशाच्या आतलं तापमान ६३ अंशाच्या वर गेलं की पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जंतूंचा निकाल लागतो. आमची अख्खी साखळी त्या चुलीच्या भरवशावर उभी आहे. तुम्ही त्यातून चूल काढून टाकलीत आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि वर त्रास झाला की बोट दाखवायचं कोळणीकडे.

जपानची साखळी वेगळी आहे. तिकडे कच्चा खायचा मासा बोटीवरच वेगळा काढतात, लगेच रक्त काढतात, बर्फात ठेवतात, कच्च्या खायच्या माशात व्हिब्रिओ या समुद्रातल्या जंतूचं प्रमाण किती चालेल त्याची मर्यादा कायद्यात ठरवलेली आहे, १०० प्रति ग्रॅम, आणि तो १० अंशाच्या खाली ठेवायचा असाही नियम आहे. आणि एवढं असूनही ते लोक माशावर उकळतं पाणी ओततात! ताई नावाच्या माशाची कातडी ठेवून त्यावर फडकं टाकून कढत पाणी ओतायचं आणि झटकन बर्फात, ही त्यांची जुनी रीत आहे. त्या रीतीला शिमोफुरी पण म्हणतात, म्हणजे दहिवर पडणं, कारण वरचा थर दहिवर पडल्यासारखा पांढुरका होतो. जपानच्याच कोची भागात बोनिटो मासा पेंढ्याच्या जाळावर बाहेरून भाजून आतून कच्चा खातात, ताताकी म्हणतात त्याला. त्यांचा हेतू मुख्य करून वास जावा, चिकटा जावा, कातडी मऊ व्हावी हा होता, पण बाहेरचे जंतूही त्यात कमी होतात. मग ज्यांचा पदार्थ आहे त्यांना ती पांढरी कड चालते आणि आपल्याला ती एक स्टारची भीती वाटते, याला काय अर्थ आहे.

आता हे दहा सेकंद काम कसं करतात ते सांगतो, कारण मला बऱ्याच किचनमध्ये उत्तर मिळालं की दहा सेकंदात काय होणार.

ताज्या निरोगी माशाचं आतलं मांस जवळजवळ स्वच्छ असतं. जंतू असतात ते कातडीवरच्या चिकट्यात, कल्ल्यात आणि पोटात. आपण मासा साफ करतो तेव्हा सुरी आधी त्या चिकट्यातून जाते, पोटातून जाते, मग तीच सुरी, तोच हात, तोच बोर्ड आतल्या मांसाला लागतो. म्हणजे पट्टी काढून झाली की घाण बहुतेक सगळी तिच्या बाहेरच्या अंगावर बसलेली असते. उकळतं पाणी नेमकं तिथेच लागतं. वरचा एखाद मिलिमीटरचा थर पांढरा होतो, आत मासा कच्चाच राहतो. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस म्हणून जो समुद्राच्या पाण्यातला जंतू आहे, कच्च्या मासळीतून होणाऱ्या जुलाबाचं मोठं कारण तोच आहे, तो उष्णतेपुढे फार तग धरत नाही. पण त्याला ऊब मिळाली तर मात्र त्याच्याइतका भरभर वाढणारा जंतू क्वचितच, चांगल्या उबेत दहा-एक मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशोब करा, बाहेर ३५ अंश असताना ओट्यावर विसरलेली पट्टी तासाभरात कुठे जाईल.

आणि आपला समुद्र नॉर्वेचा नाही. थंड पाण्यात हा जंतू जवळजवळ दिसत नाही, पाणी १५ अंशाच्या वर गेलं की वाढतो, आणि आपल्याकडे अरबी समुद्र वर्षातला बराच काळ २७-२८ अंशाच्या आसपास असतो. म्हणून इंपोर्टेड सालमनसाठी जे व्हिडिओ बघून शिकलात ते जसंच्या तसं आपल्या सुरमईला, कुप्याला म्हणजे ट्युनाला, रावसाला लावू नका. रावसाचं तर अजून एक, मेनूवर इंडियन सालमन लिहिता, रावस सालमनच्या जवळचा पण नाही, तो वेगळ्याच जातीचा मासा आहे, खाडीच्या तोंडाशी येणारा. खाणाऱ्याला वाटतं सालमन आहे म्हणजे कच्चा चालतो. हे थांबवा. आणि ठाण्याच्या खाडीतली मासळी, बोय असो जिताडा असो, कालवं असोत, कच्ची द्यायचा विचार पण मनात आणू नका. मी त्या खाडीच्या काठावर वाढलोय, माझ्या आजोबांनी तिच्यातून कोलंबी काढलीय, आणि शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात वर्षानुवर्षं काय काय घेऊन आलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. कालवं तर पाणी गाळूनच जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात.

तुमच्याविषयीच्या माझ्या तक्रारी आता एकेक करून लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी, चांगली पायरी फोटोसाठी काढली. दिसायला नको असेल तर कड तासून टाका ना. गरम पाण्यातून काढलेली, थंड केलेली पट्टी धुतलेल्या कोरड्या बोर्डवर, दुसऱ्या स्वच्छ सुरीने, चारी बाजूंनी पातळ तासली की आत लखलखीत गुलाबी मासा मिळतो, कोणाच्या बापाला कळणार नाही की पाणी लागलं होतं. आणि ती तासलेली कड फेकायची पण नाही, पूर्ण शिजवून फ्राईड राईसमध्ये, सूपमध्ये जाते, आम्ही तेच करायचो. वेस्टेजचं कारण मला पटत नाही. एका पट्टीमागे जेवढं जातं त्याच्यापेक्षा जास्त तुम्ही प्लेटवर फुलं लावण्यात घालवता.

दुसरं, बोर्ड आणि सुरी एकच. गरम केल्यानंतरच्या माशाला तो जुना बोर्ड लागला तर सगळं केलेलं पाण्यात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस पहिल्यांदा सापडला कुठे माहिती आहे? १९५० साली ओसाकामध्ये, शिरासू नावाच्या बारीक माशामुळे २७२ माणसं आजारी पडली आणि २० दगावली, त्या तपासात फुजिनो नावाच्या शास्त्रज्ञाने तो शोधला. आणि शिरासू कच्चा खात नव्हते, तो उकडून अर्धवट सुकवलेला मासा असतो! म्हणजे उष्णता देऊन झाल्यावर पुढे जपलं नाही तर काय होतं ते तिथेच दिसलं. मी एका किचनमध्ये, नाव नको, एका खांद्यावरच्या फडक्याने बोर्ड, सुरी, हात आणि शेवटी मासा पण पुसलेला बघितलाय, आणि तो पोरगा वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कागदी टॉवेल वापरा, आणि पोरांना शिकवा. २५ कामगारांमागे एक फूड सेफ्टीचं ट्रेनिंग घेतलेला माणूस असावा असं सरकारचं म्हणणं आहे, तो माणूस तुमच्याकडे कोण आहे ते तुमच्या पोरांना तरी माहिती आहे का.

बर्फ. २०१८ पासून महाराष्ट्रात जो बर्फ खायचा नाही त्यात निळा रंग टाकायचा नियम आहे, म्हणजे ओळखायला सोपं. पण गरम पाण्यातून काढलेली पट्टी थंड करायला तुम्ही ज्या लादीचा चुरा वापरता ती कोणत्या पाण्याची आहे? खायच्या बर्फाची बिलं ठेवा. उकळत्या पाण्यातून काढून घाणेरड्या बर्फात टाकली तर न केलेलं बरं.

फ्रीझरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे आणि शेफ लोकांचा पण. "सर आम्ही फ्रोझन वापरतो, सेफ आहे." उणे २० अंशाला सात दिवस किंवा उणे ३५ ला कडक गोठवून १५ तास ठेवलं तर माशातले किडे, परजीवी मरतात, हे खरं आहे, आणि ते करायलाच पाहिजे. पण जंतू त्याने मरत नाहीत, झोपतात. बाहेर काढून सिंकमध्ये वितळवला की उठून कामाला लागतात. वितळवायचा तो फ्रीजमध्ये, रात्रभर, खाली ट्रे ठेवून. बेसिनमध्ये नळाखाली नाही.

मग ते लिंबू. "लिंबात मुरवलं की शिजतोच ना." नाही शिजत. लिंबाने मासा पांढरा होतो, घट्ट होतो, दिसतो शिजल्यासारखा, पण जंतूंचा भरवसा नाही. वसाबी, व्हिनेगर, आगळ, मीठ, याने पण ते काम होत नाही. घरी आई माशाला आगळ आणि मीठ लावून ठेवते ते चवीसाठी आणि वास जायला, आणि नंतर ती तो तव्यावर टाकते.

डिलिव्हरीचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण इथे सगळं केलेलं वाया जातं. मे महिन्याच्या दुपारी मी स्वतः एका डिलिव्हरीच्या पोराला बॅग उघडताना बघितलंय, खाली गरम बिर्याणीचा डबा, आणि त्याच्यावर सुशीचा बॉक्स, झाकणाला आतून वाफेचे थेंब. बर्फाची पिशवी नाही. त्याचा काय दोष, त्याला दोन ऑर्डर मिळाल्या, त्याने दोन्ही टाकल्या. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा आपण सगळ्यांनी ट्रेनिंगमध्ये पाठ केलाय, आणि तो बॉक्स पाम बीच रोडच्या सिग्नलपासून घणसोलीपर्यंत त्याच पट्ट्यात. स्वतःची जेल पॅकवाली पिशवी द्या, सीलबंद. नाहीतर ज्या महिन्यांत उकाडा आहे त्या महिन्यांत कच्च्या आयटमची डिलिव्हरी बंद ठेवा, टेबलवरच द्या. धंदा कमी होईल, मान्य आहे.

एक गोष्ट माझ्याच बाजूच्या विरोधात जाते ती पण सांगतो, म्हणजे कोणी अर्धवट वाचून गरम पाण्याला जादू समजू नये. या पद्धतीने जंतू कमी होतात, संपत नाहीत. आतला परजीवी तसाच राहतो, त्यासाठी फ्रीझर. मासा आधीच उबेत राहिला असेल, बांगडा, कुपा, सुरमई हे खास करून, तर त्यात हिस्टामिन तयार होतं, तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं, आणि ते हिस्टामिन कितीही उकळा जात नाही. म्हणजे मुळात मासा थंड राहिलेला पाहिजे, शिळा मासा गरम पाण्याने ताजा होत नाही. आणि खिमा करून जे देता, टार्टार, स्पायसी ट्युना, तिथे तर बाहेरचं सगळं आत कालवलं जातं, त्यामुळे आधी पट्टीला पाणी द्या, कड काढा, मग बारीक करा, उलट क्रमाने केलं तर उपयोग शून्य. दुकानातून येणारा तयार खिमा कच्चा वापरूच नका.

पाण्याचं पण नीट करा. मोठं पातेलं, पाणी खळखळतं पाहिजे, नुसतं वाफाळलेलं नको. एका वेळी एकच पट्टी, चार कोंबल्या की पाणी लगेच थंड पडतं आणि मासा कोमट पाण्यात बसतो, ते सगळ्यात वाईट. प्रत्येक पट्टीनंतर पुन्हा उकळी येऊ द्यायची. काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात, आतपर्यंत गार होईल इतपतच, भिजत ठेवायची नाही नाहीतर चव जाते. मग कागदाने टिपून सरळ फ्रीजमध्ये. काप काढायचे ते ऑर्डर आल्यावर. आमच्या जुन्या शेफनी पहिल्या दिवशी माझा हात धरून शिकवलं होतं, चिमट्याने पट्टी धरायची पण दोन सेकंदांनी पकड बदलायची, कारण चिमट्याखालचा मासा गुलाबी राहतो, तिथे पाणी पोचलेलंच नसतं. पाच वर्षं रोज ते केलं. सोडलं त्या दिवशी पण माझा हात पकड बदलायला गेला, आणि समोर पातेलंच नव्हतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि यातली एकही अशी नाही जी पुढच्या सोमवारपासून सुरू करता येणार नाही.

कच्च्या द्यायच्या प्रत्येक पट्टीला उकळत्या पाण्याची किंवा जाळाची पायरी परत आणा, लोकल माशाला तर सक्तीने, आणि कड नको असेल तर तासा. लोकल मासा ठरलेल्या तापमानाला ठरलेले दिवस गोठवल्याशिवाय कच्चा वाढू नका, आणि फ्रीझरचं तापमान रोज दोनदा वहीत लिहा, खोटं न लिहिता. कच्च्यासाठी बोर्ड आणि सुऱ्या वेगळ्या, वेगळ्या रंगाच्या.

मेनूवर आणि ॲपवर मराठीत आणि इंग्रजीत ठळक अक्षरात लिहा की हा पदार्थ कच्चा आहे, आणि गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, लिव्हरचा किंवा शुगरचा त्रास असलेली माणसं यांनी खाऊ नये. एक ओळ. माझ्या बहिणीने ती वाचली असती. ॲपवाले जागा देत नाहीत असं सांगू नका, ऑफर लिहायला जागा मिळते.

प्रत्येक दिवसाच्या कच्च्या माशाचा एक छोटा नमुना तारीख टाकून तीन दिवस फ्रीजमध्ये जपून ठेवा, म्हणजे कोणी आजारी पडलं तर अन्न व औषध प्रशासनाला तपासायला काहीतरी मिळेल, आणि तुमची चूक नसेल तर तुम्ही पण सुटाल. बिलावर तुमचा १४ आकडी फूड लायसन्स नंबर असतोच, २०२२ पासून सक्तीच आहे, तो वाचता येईल असा छापा.

आणि मासा कोणाकडून, किती वाजता, कोणत्या बर्फात घेतला ते लिहून ठेवा, आणि घेताना कोळणीला सांगा की हा कच्चा खायला नेतोय. फक्त सांगा. आई बोलते की असं सांगितलं तर ती स्वतःच निम्म्या माशाला हात लावू देणार नाही, आणि जो देईल तो पाटीच्या तळातून, बर्फाखालचा काढून देईल, वेगळ्या पिशवीत. तिला माहिती असतं कुठला मासा किती वाजता उतरलाय. तिला विचारत कोणी नाही, आणि बिघडलं की तिचंच नाव.

त्या फोनवरच्या माणसाने बाजारात येऊन माफी मागावी असं माझं म्हणणं नाही. पण यापुढे कोणी गिऱ्हाईकाला असं उत्तर देऊ नये, की मासळीवालीकडचा असेल. ज्याने चूल काढली, जबाबदारी त्याची.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, त्या दिवसांत बाजारात साठवलेला आणि बाहेरून आलेला मासा जास्त असतो, म्हणून पुढच्या १ जूनच्या आत हे सगळं सुरू झालेलं मला बघायचंय. ज्यांना ही पद्धत माहिती नाही किंवा पोरांना शिकवायचीय, त्यांनी सांगा. सोमवारी आणि गुरुवारी आमच्या बाजारात गिऱ्हाईक कमी असतं, त्या दिवशी दुपारी मी मोकळा असतो. पैसे नकोत. पातेलं, गॅस, खायचा बर्फ आणि एक पट्टी तुमची, थर्मामीटर मी घेऊन येतो, बोर्डवरच दाखवतो, कड तासून पण दाखवतो, आणि मग फोटो काढा.

बहिणीला आता आठवा लागलाय. कॅलेंडरवरचे आकडे तिने गेल्या आठवड्यात लिहायचे थांबवले.

तुमचा,
दिवाळ्याच्या कोळणीचा मुलगा, फिश सेक्शन